दवणा, मरवा आणि आमचा संडास

आमच्या घरात देव आणि संडास यांच्यामध्ये फक्त एक चार इंची भिंत आहे. ही भिंत माझ्या सल्ल्यानं बांधली गेली. धाराशिवला घर बांधायला काढलं तेव्हा मिस्त्री म्हणाला होता, "साहेब, देवघर जिन्याकडं घेऊ." पण मी पडलो सरकारी लिपिक. कागदावर एकदा पेन टेकवलं की मागं घेणं आमच्या खात्यात बसत नाही. मी म्हणालो, "इथंच होऊ दे. जागा वाया जात नाही." जागा खरंच वाया गेली नाही, बाकी बरंच काही गेलं.

त्यात दोन्ही खोल्यांची दारं सारखी. दुकानात एकाच नक्षीची दोन दारं उरली होती, ती मी मोठ्या हौसेनं उचलली. बोळातून आत आलं की आधी देवघर, आणि त्याला लागून संडास-बाथरूम. नवा माणूस हमखास चुकतो. (एक विमा एजंट 'हात धुऊन येतो' म्हणून गेला आणि बराच वेळ गणपतीच्या मागं नळ शोधत होता!)

वास्तुशांतीला आमच्या आत्या आल्या होत्या. आत्या म्हणजे आप्पांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. मुरुम गावाला असतात. आप्पांची आई ते लहान असतानाच गेली, तेव्हा या बहिणीनंच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. आप्पा आता सत्तरीला टेकलेत, तरी आक्का समोर आली की त्यांचा हात आपोआप शर्टाचं वरचं बटण लावायला जातो.

तर आत्या देवघरात बसल्या, हळदीकुंकू वाहिलं, डोळे मिटले आणि एकदम नाक वर केलं.

"दत्या, देवाच्या मागं काय हाय रं?"

"भिंत हाय, आत्या."

"आन भिंतीच्या मागं?"

मी सुरेखाकडं, म्हणजे माझ्या बायकोकडं, बघितलं. सुरेखानं छताकडं बघितलं.

"संडास," मी म्हणालो.

झालं! आत्या उठल्या, पिशवी काखेत मारली आणि म्हणाल्या, "ज्या घरात देवाला संडासाचा वास घ्यावा लागतोय, त्या घरात मी पाण्याचा घोट घेणार न्हाय." आणि खरंच, जेवणाची पंगत बसलेली असताना, पाणीसुद्धा न पिता त्या एसटीनं परत गेल्या.

त्याला तीन वर्षं झाली. आप्पा मुरुमला जायचे, बहिणीच्या हातची भाकरी खाऊन यायचे. पण बहीण काही भावाच्या घरी येईना. भाऊबीजेला आप्पा सकाळपासून अंघोळ करून, टोपी घालून दारात बसायचे आणि दुपारी उठून मुरुमची गाडी धरायचे. ते बघून मला वाईट वाटायचं. भिंत माझी होती ना!

आणि वास तर होताच, नाही कशाला म्हणू? आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यानं येतं. उन्हाळ्यात तेही रुसतं. धुणं-भांड्याचं पाणी साठवून संडासात टाकायचं म्हटल्यावर तिथं वास यायचा नाही तर काय अत्तर दरवळणार? बाजारातल्या वड्या टांगून बघितल्या. त्यांनी वास जात नाही, फक्त त्याला गुलाबी रंग आल्यासारखं वाटतं.

अशात चैत्रात आप्पांना फोन आला. आत्यांच्या डोळ्यांची तपासणी धाराशिवच्या डॉक्टरकडं होती. आप्पांनी फोनवरच हात जोडले. "आक्का, आलीच हायस तर घरी टेक की गं जराक."

पलीकडून उत्तर आलं, ते स्पीकर चालू नसतानाही सगळ्या घरानं ऐकलं. "बगू. वास आला की उठले म्हणून समज!"

आप्पांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी समजलो. मी म्हणालो, "आप्पा, तुम्ही बिनघोर ऱ्हावा. वास माझ्याकडं लागला."

(सुरेखा म्हणते, त्या सगळ्या प्रकरणात मी बोललेलं हे एकमेव खरं वाक्य.)

त्याच संध्याकाळी मी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. कुठल्यातरी परदेशातली एक बाई न्हाणीघरात झाडं ठेवून 'नैसर्गिक सुगंध' कसा मिळवायचा ते सांगत होती. तिचं न्हाणीघर आमच्या अख्ख्या घराएवढं होतं, ही गोष्ट मी डोक्यात घेतली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी रोपवाटिकेतून दवणा, मरवा, सब्जा, पुदिना, गवती चहा आणि कळ्यांनी लगडलेला मोगरा असा सगळा संसार रिक्षात घालून आणला. रस्त्याकडेच्या निलगिरीच्या चार फांद्या तोडून शॉवरला बांधल्या. आमच्या शॉवरमधून आजवर काही पडलेलं नव्हतं, आता निदान पानं पडायला लागली.

"अहो, आंघोळ कुठं करायची?" सुरेखानं विचारलं.

"मध्ये जागा आहे की."

"कुणाला? पालीला?"

पण वास मात्र बदलला हो! दार उघडलं की दवणा-मरव्याचा असा काही भपकारा यायचा की माणूस विसरून जायचा, आपण कशाला आलो होतो. मी खूश. घरातले बाकीचे तेवढे नव्हते. झाडांना ऊन लागतं, म्हणून सकाळी सगळ्या कुंड्या गच्चीवर आणि दुपारनंतर परत आत, अशी त्यांची पाळी लावली. त्यांना रोज पाणीही लागायचं. सुरेखा म्हणाली, "माणसाला तांब्यावर आंघोळ आन दवण्याला बादली! पुढच्या जन्मी मला तुमचा दवणा करा."

तिसऱ्या दिवशी सकाळी आतून आप्पांची किंकाळी आली. "दत्या! चावलं! चावलं रं!"

मी दाराशी धावलो. "काय चावलं, आप्पा? कुठं चावलं?"

"कुठं चावलं ते सांगण्यासारखं न्हाय!"

गवती चहाची पात किती धारदार असते ते व्हिडिओतल्या बाईनं सांगितलं नव्हतं. आणि ती कुंडी मी नेमकी बसणाऱ्याच्या मागं ठेवली होती. आप्पा पुढचे दोन दिवस पेपर उभ्यानं वाचत होते. मी त्यांच्याकडं बघून हसलो, त्याचं फळ मला लगेच मिळालं. सब्जाला तुरे आलेले, तुऱ्यांवर मधमाशी आलेली, आणि मी डोक्याला साबण लावून डोळे मिटून तांब्या चाचपडतोय! माशीनं जिथं डंख मारला तेही सांगण्यासारखं नाही. त्यानंतर बापलेक दोघंही उभ्यानं पेपर वाचत होतो.

आत्या यायचा दिवस उजाडला. मी रजा टाकली. आमच्या दोन्ही पोरी आजोळी गेल्या होत्या. फरशी घासली, संडासाच्या भांड्यावर फळी टाकून वर कापड अंथरलं आणि त्यावर दवण्याच्या आणि मरव्याच्या कुंड्या पायरी-पायरीनं मांडल्या. मोगऱ्याची सगळी फुलं खुडून परडीत ठेवली. देवाला त्या दिवशी कण्हेरीची दोन फुलं मिळाली. देवघराचं दार मी घट्ट लावून घेतलं, चुकून कुठून वास शिरायला नको! बाथरूमचं दार उघडं ठेवलं, म्हणजे सुगंध बोळात पसरेल.

दुपारी आप्पा आत्यांना दवाखान्यातून रिक्षानं घेऊन आले, आणि तेवढ्यात लाईट गेली. आमच्या बोळाला खिडकी नाही. (हाही माझाच सल्ला.) घरात मेणबत्ती सापडेना. म्हातारं माणूस, बाथरूममध्ये पाय घसरायला नको, म्हणून सुरेखानं चटकन एक निरांजन लावलं आणि आत मरव्याच्या कुंडीशेजारी ठेवून आली.

आत्या आल्या त्या आप्पांच्या दंडाला धरून. डॉक्टरनं तपासणीसाठी डोळ्यांत थेंब घातलेले, त्यामुळं समोर सगळं धुकं. चार तास असंच राहणार, असं त्यानं सांगितलं होतं. पण नाकात थेंब घातलेले नव्हते! उंबऱ्याच्या आत पाऊल पडताच आत्यांनी नाक वर केलं. आम्ही तिघांनी श्वास धरला.

"दवणा?" आत्या म्हणाल्या.

"व्हय, आत्या," मी म्हणालो.

"आन मरवा बी? मोगरा बी?" त्यांचा आवाज मऊ झाला. आप्पांचा दंड सोडून त्या वासाच्या मागं बोळात निघाल्या. देवघराचं बंद दार त्यांनी हातानं चाचपून मागं टाकलं. पुढच्या उघड्या दारापाशी थांबल्या. आत अंधार, अंधारात निरांजनाची ज्योत, ज्योतीभोवती हिरवं हिरवं काहीतरी पायऱ्यांनी रचलेलं आणि घमघमाट. आत्यांनी चपला काढल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडले.

"आता कसं देवघर वाटतंय रं, दत्या!"

माझ्या तोंडातून शब्द फुटला असता, पण त्याआधी त्यांनी कनवटीची हळदीकुंकवाची डबी काढून संडासाच्या उंबऱ्याला दोन बोटं ओढलीसुद्धा! मग तिथंच, दारासमोर, मांडी घालून बसल्या आणि जप सुरू केला.

आम्ही तिघं स्वयंपाकघरात जमलो.

"आप्पा, सांगावं लागंल," मी कुजबुजलो.

"कायबी सांगू नगंस. तीन वर्सांनी बसलीय माझ्या घरात. बसू दे."

"अहो, पण त्या संडासापुढं बसल्यात!"

"देव सगळीकडं असतोय," आप्पा म्हणाले. एवढं अध्यात्म मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

सुरेखा सासऱ्यांना म्हणाली, "मामा, देव सगळीकडं असू दे. पण आपलं ते एकच हाय. घरातल्या माणसांनी जायचं कुठं?"

हा प्रश्न सगळ्यात आधी आप्पांनाच पडला. त्यांना साखरेचा त्रास, त्यामुळं वारंवार जावं लागतं. ते हळूच शेजारी कांबळेसरांकडं निघाले, तर बोळातून आवाज आला, "कुठं चाललास?"

"साखर आणतो, आक्का. च्याला."

साखरेमुळं जावं लागणारा माणूस साखर आणायला म्हणून जात होता! थोड्या वेळानं परत गेले. मग परत. कांबळेवहिनींनी शेवटी खिडकीतून सुरेखाला विचारलं, "ताई, मामा आले की आधी आत जाऊन येतात आणि मग वाटीभर साखर नेतात. तुमच्याकडं आज बुंदी पाडायलात का?"

इकडं आत्यांना भक्तीचं भरतं आलं होतं. "दत्या, फुलं वहा आत!" मी परडीतला मोगरा संडासात वाहिला. "सूनबाई, आरतीचं ताट आण!" सुरेखानं आणलं. ती ओठ दाबून हसू आवरत होती, त्यामुळं ताटातली ज्योत सारखी थरथरत होती. आरती झाली. मग आत्या म्हणाल्या, "दत्या, साष्टांग घाल. घर पावलं तुला."

"आत्या, राहू द्या की..."

"लाज वाटतीय व्हय देवापुढं?"

आणि मी, पदवीधर, राज्य सरकारचा कायम कर्मचारी, दोन पोरींचा बाप, माझ्या स्वतःच्या संडासापुढं साष्टांग आडवा झालो. कपाळ फरशीला टेकलेलं असतानाच आतून आवाज आला. आधी फुस्स, मग खर्र, मग खळखळ! नळाला पाणी आलं होतं! चार दिवस वाट बघून आम्ही तोटी उघडीच ठेवली होती. रिकाम्या बादलीत धार कोसळायला लागली.

"अगं आई!" आत्या गहिवरल्या. "अभिषेक बी चालू केलास?"

मी उताणा झालो नाही एवढंच. पण वाहत्या पाण्याच्या आवाजाचा म्हाताऱ्या माणसावर एक परिणाम होतो, तो माझ्या लक्षात यायला हवा होता. आत्या जरा वेळ ऐकत राहिल्या. मग चुळबुळल्या. मग भिंतीला धरून उठल्या.

"दत्या, जराक जाऊन येते. सांगू नगंस कुठं हाय ते, ठावं हाय मला. देवघराच्या शेजारचंच दार न्हवं?"

आणि त्या चाचपडत सरळ शेजारच्या दाराकडं निघाल्या. खऱ्या देवघराकडं! मी फरशीवर आडवा, उठेपर्यंत त्यांचा हात कडीवर. आत गणपती, बाळकृष्ण, तुळजापूरची आई, आमचा कुलस्वामी खंडोबा, सगळे जागेवर बसलेले! मी तसाच सरपटत जाऊन त्यांचे पाय धरले.

"आत्या, नगा! तिथं देव हाय!"

आत्या थांबल्या. कडीवरचा हात खाली आला.

"तिथं देव हाय," त्या सावकाश म्हणाल्या. "मग हितं कोण हाय?"

मी त्यांचे पाय सोडले. सुरेखानं आरतीचं ताट पाठीमागं लपवलं, जसं काही सगळा गुन्हा ताटाचाच होता. आणि नेमके त्याच वेळी आप्पा साखरेची वाटी घेऊन दारात उभे राहिले.

"दत्या, मी मघापासनं कुणाला हात जोडले रं?"

"आत्या... तुम्हाला वास येऊ नये म्हणून..."

"ते ऱ्हाऊ दे! आधी मला जाऊ दे आत!"

पण जाणार कुठं? भांड्यावर फळी, फळीवर अख्खी बाग! मग जी धावपळ उडाली, ती विचारू नका. मी आतून कुंड्या द्यायच्या, सुरेखानं झेलायच्या, आप्पांनी बोळात मांडायच्या. एका हातात साखरेची वाटी, एका हातात सब्जा! आत्या पदर तोंडाला लावून दारात नाचतायत. "उचल रं लवकर! उचल तुजे देव!"

शेवटची कुंडी निघाली आणि दार धाडकन लागलं.

आम्ही तिघं बोळात कुंड्यांमध्ये उभे. आप्पांचा चेहरा मला बघवेना. ते एवढंच म्हणाले, "गेली आता. कायमची गेली." वाटीतली साखर दवण्याच्या कुंडीत सांडत होती, तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं. मी मनातल्या मनात ती भिंत पाडली, तो व्हिडिओ पाडला आणि त्या बाईचं न्हाणीघरही पाडलं.

दार उघडलं. आत्या बाहेर आल्या, पाय धुऊन आलेल्या. आधी त्यांचे खांदे हलले. मला वाटलं रडतायत. मग जो काही हसण्याचा आवाज निघाला, तो कांबळेसरांच्या घरापर्यंत गेला असणार. हसता हसता त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या.

"हळदीकुंकू लावलं गं मी! संडासाला!" त्या सुरेखाचा हात धरून म्हणाल्या, आणि मग सुरेखाचाही बांध फुटला.

आप्पा मात्र तसेच उभे. "आक्का, चुकलं आमचं. आता तरी रागावू नगंस. वास जावा म्हणून पोरानं..."

आत्यांनी डोळे पुसले. "येड्या, वासाचा राग कवाच गेला. मुरुमला पोचायच्या आत गेला. त्या दिवशी मी पिशवी घेऊन उठले, फाटकापतुर गेले, रस्त्याला लागले. मागं वळून बगितलं. 'आक्का थांब' म्हणाया कुणी आलं न्हाय. रुसलेल्या माणसाला थांबवायचं असतंय रं. मी तुला कडंवर घेऊन किती येळा थांबवलंय!"

"मला वाटलं, तू ऐकायची न्हाईस," आप्पा पुटपुटले.

"न्हाईच ऐकलं असतं. पण म्हणायचं तर!"

आप्पा वाटी घेऊनच त्यांच्यासमोर खाली बसले. सत्तर वर्षांचा माणूस, पण आवाज अगदी शाळकरी पोरासारखा निघाला. "आक्का, थांब."

"थांबले," आत्या म्हणाल्या. "सूनबाई, पाणी आण."

त्या दिवशी आत्या तांब्याभर पाणी प्यायल्या, जेवल्या, आणि आठ दिवस राहिल्या. जाताना दवण्याची आणि मरव्याची दोन-दोन रोपं मागून नेली. मुरुमच्या त्यांच्या संडासात मी स्वतः जाऊन ती मांडून दिली. मग त्यांच्या जावेनं बोलावलं. मग जावेच्या लेकीनं. आता दर सुट्टीला मी कुणाच्या तरी संडासात कुंड्या घेऊन उभा असतो. आप्पा खूश आहेत, आत्या दर महिन्याला येतात, त्यामुळं माझी काही तक्रार नाही.

तक्रार झालीच तर एका गोष्टीची आहे. मागच्या महिन्यात उमरग्याला भावकीतलं लग्न होतं. नवऱ्या मुलाचे मामा निवृत्त तहसीलदार, मांडवात त्यांचा मोठा मान. माझी त्यांच्याशी ओळख व्हावी ही माझी फार दिवसांची इच्छा. आत्यांनी मला हाताला धरून त्यांच्यापुढं नेलं. साहेबांनी हसून हात पुढं केला, मीही केला.

"ह्यो माझा भाचा," आत्या अभिमानानं, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "शिकलेला हाय, नोकरीला हाय, ते असू द्या. पण संडास असा करतोय म्हणून सांगू, आख्ख्या जिल्ह्यात कुणाला जमायचा न्हाय! एकदा तुमी वास घ्याच!"

साहेबांनी पुढं केलेला हात सावकाश मागं घेतला आणि लांबूनच मला नमस्कार केला.